मूळ कारण

नाशिकच्या सिडकोत सकाळी एखादी जुनी गाडी सुरू होईनाशी झाली, की मेकॅनिकच्या आधी नाना येतात. बोलवावं लागत नाही. सेल्फचा आवाज झाला की पुरे.

नाना म्हणजे कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. सातपूर नाहीतर अंबड. कोणती कंपनी, हे विचारायचं नसतं. नाना नुसतं ‘कंपनीत’ म्हणतात आणि आपण मान डोलवायची असते. निवृत्तीला वर्षं लोटली तरी अंगातली फर्स्ट शिफ्ट गेलेली नाही. पहाटे पाचला जाग, साडेपाचला अंघोळ, सहाला ओट्यावर. कोपऱ्यावर बस येत नाही, एवढाच काय तो फरक. खिशात टेस्टर, पेन आणि एक छोटी वही. घरातलं घड्याळ, छत्री, जेवणाचा डबा, सगळं कंपनीचं बक्षीस. भिंतीवर क्वालिटी सर्कल स्पर्धेची ढाल, द्वितीय क्रमांक. प्रथम क्रमांक दुसऱ्या खात्याला कसा गेला ही वेगळी कथा आहे, आणि तुम्ही पाणी प्यायला जरी टेकलात तरी ती सुरू होते.

असा एखादा नाना शहराच्या प्रत्येक कामगार वस्तीत सापडेल. आमचे नाना खुलतात ते मात्र डिसेंबरात. निफाडकडून थंडी उतरते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात छापून येतो आणि गल्लीतली जुनी डिझेलची वाहनं एकेक करून संपावर जातात. थंडीत बॅटरी मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि जोर लागतो नेमका जास्त. नानांच्या मते हा कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला जुनाच प्रश्न आहे.

त्या दिवशी रुसली होती ती कोपऱ्यावरची टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं, आणि ही गाडी त्यातल्या पहिल्याच खेपेची असावी असं तिच्याकडे बघून वाटतं. मालक आणि चालक एकच. त्याला पिंपळगाव बसवंतला कांदा भरायला जायचं होतं. त्याने किल्ली फिरवली. टक-टक-टक-टक. पुन्हा फिरवली. टक-टक-टक.

‘‘थांब!’’ ओट्यावरून आवाज आला.

नाना गाडीपाशी येऊन आधी केबिनमध्ये चढले आणि इंजिन बंद करायची स्टॉपरची मूठ त्यांनी बाहेर ओढून ठेवली. यंत्रात हात घालायच्या आधी यंत्र बंद करायचं, हा कंपनीचा नियम. यंत्र मुळात चालूच झालेलं नाही, ही सबब कंपनीत चालत नसे.

मग निदान. इथे नानांना मानलंच पाहिजे. सेल्फच्या आवाजावरून ते जे सांगतात ते बहुतेक खरं निघतं. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनाइड नाहीतर सेल्फचे कार्बन बघायचे. ‘टक-टक-टक’ अशी उचकी लागली, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, डिझेल बघा. फीड पंपाने एअर घेतली असेल. स्क्रू ढिला करून पंप मारत राहायचा, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत. हेडलाइट लावून किल्ली मारायची, ही त्यांची आवडती परीक्षा. दिवे विझायला आले तर बॅटरी किंवा तिची जोडणी. दिवे ढिम्म राहिले तर गडबड पुढे, सोलेनाइडकडे.

दिवे लावले. किल्ली मारली. दिवे डोळे मिटल्यासारखे झाले. मीटर लावला: ११.४. ‘‘साडेबारा पाहिजे,’’ नाना म्हणाले आणि आकडा वहीत गेला. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचली होती, तिच्यावर कढत पाणी ओतून झालं. अर्थिंगची पट्टी हलवून झाली. फरक शून्य. नानांचा चेहरा मात्र उजळत चालला होता.

एव्हाना गल्ली जमली होती. समोरच्या मास्तरांनी सुचवलं, ‘‘प्लग काढून साफ करा.’’ मास्तरांची उभी हयात स्कूटरवर गेली. प्लग साफ करणं आणि स्कूटर आडवी करणं, एवढे दोन इलाज त्यांना ठाऊक, आणि दुसरा ४०७ ला लागू नव्हता.

‘‘मास्तर, डिझेलला प्लग नसतो,’’ नाना सौम्यपणे म्हणाले आणि लागलीच तास सुरू झाला. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा दाबून दाबून सतराव्या-अठराव्या हिश्शाला आणायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. ‘‘आणि नोझल कुठं बनतं? आपल्या सातपूरला! मायकोत!’’ मायकोचं २००८ साली बॉश झालं, पण चौकाचं नाव अजून मायको सर्कलच आहे आणि नानाही अजून मायकोच म्हणतात. ‘‘म्हणजे काय, की बॅटरी लागते ती फक्त सेल्फ फिरवायला. एरवी या इंजिनाला विजेची गरजच नाही.’’

‘‘मग ढकलूया की!’’ मागून कोणीतरी म्हणालं.

नाना दुखावले. धक्का हा त्यांच्या लेखी इलाज नव्हे, पळवाट आहे. माझं अनुभवाअंती मत असं, की गाडी सुरू व्हावी ही नानांची इच्छाच नसते. त्यांना कारण हवं असतं. कारण सापडण्याआधी सुरू झालेली गाडी त्यांना पेपर फुटून पास झालेल्या पोरासारखी वाटते.

‘‘पाच वेळा ‘का?’ असं विचारायचं,’’ ते म्हणाले. ‘‘जपानी पद्धत आहे. टोयोटाची. मूळ कारण हाती येतंच.’’ वही उघडली.

‘‘गाडी का सुरू होत नाही?’’

‘‘नाना, बॅटरी उतरली. तुम्हीच सांगितलं आत्ता.’’

‘‘का उतरली?’’

‘‘केबिनमधला दिवा आन् टेप रात्रभर चालू राहिला.’’

‘‘का राहिला?’’

‘‘मी केबिनमध्येच झोपलो ना.’’

‘‘का झोपलास?’’

चालकाने घराच्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला. ‘‘घरात जागा नव्हती.’’

‘‘का नव्हती?’’

‘‘सासरे आलेत.’’

नानांनी लिहिलं: ‘मूळ कारण – सासरे.’ खाली दोन रेघा मारल्या. त्यापुढच्या रकान्यात कायमस्वरूपी उपाय लिहायचा असतो. तिथे पेन अडलं.

तेवढ्यात गल्लीने गाडीला हात लावलेसुद्धा. चालक उडी मारून बसला, किल्ली फिरवली, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडी घरंगळली, त्याने क्लच सोडला. गाडीने हिसका खाल्ला आणि थांबली. पुन्हा ढकलली. पुन्हा हिसका. तिसऱ्यांदा मास्तरांची चप्पल तुटली. ‘‘बघा,’’ नाना समाधानाने म्हणाले, ‘‘दोष एक नाही. डिझेललाही प्रॉब्लेम आहे.’’

घराचं दार उघडलं. मफलर, कानटोपी, हातात चहाचा कप. मूळ कारण स्वतः बाहेर आलं होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘‘जावईबापू, स्टॉपर ओढलेला आहे. डिझेल जाईल कसं?’’

गल्ली नानांकडे बघू लागली.

‘‘तो सेफ्टीसाठी ओढलाय,’’ नाना म्हणाले.

‘‘आमच्याकडे सेफ्टीसाठी ओढलेल्या वस्तूला लाल फीत बांधत. आणि काढताना सही. ओझरला होतो मी. मिग.’’

नाशकात कंपनीवाल्याच्या वर कोणी असेल, तर तो ओझरवाला. प्रेसवाले नोटा छापतात म्हणून त्यांना मान आहे, पण विमान ते विमानच. नाना क्षणभरच गप्प झाले. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. ‘‘ओझरला इंजिन कुठं बनायचं? मिगचं इंजिन कोरापूटला. ओझरला नुसता सांगाडा!’’

हे खरं आहे. म्हणूनच ते लागलं. सासऱ्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि मफलर सोडला. इकडे चालकाने मूठ आत ढकलली, गल्लीने जोर लावला आणि ४०७ काळा धूर सोडून धडधडत सुरू झाली. नाना ओरडले, ‘‘बंद कर! अजून मीटर लावायचाय!’’ चालकाने ऐकलं नाही. पिंपळगावला कांदा भरून होईपर्यंतसुद्धा त्याने इंजिन बंद केलं नाही म्हणे.

सासरे खरं तर दोन दिवसांसाठी आले होते. नानांशी वाद पुरा व्हायचाय म्हणून त्यांनी मुक्काम संक्रांतीपर्यंत वाढवला. दोघे रोज सहाला ओट्यावर असतात. सध्या विषय ग्रीसचा आहे. जावई केबिनमध्येच झोपतो. गाडी मात्र आता तो उतारावर लावतो.