सीमाभागातील जॅझ आणि मान डोलावण्याचा प्रश्न

बेळगाव-निपाणी भागातील ज्या रसिकाला कुमार गंधर्वांचे सुळेभावी आपल्याच जिल्ह्यात असल्याचा सार्थ अभिमान असतो, तोच रसिक जॅझ, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले आणि ऐन वेळच्या उपजेवर चालणारे संगीत, ऐकताना सम सापडेना म्हणून कासावीस होतो आणि अखेर शेजाऱ्याची डोलते आहे एवढ्याच पुराव्यावर आपलीही मान डोलावतो. वास्तविक हे सूर त्याच्या कानाला नवे नाहीत; १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांना साथ देणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे चोर्ला घाटाखालच्या गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझच वाजवत, आणि वरातीच्या बँडवर भगवानदादांची ती गाणी लागली की सभ्य काकांचेही पाय थांबत नाहीत. तेव्हा त्याला कोणी जॅझ म्हटले नाही, त्यामुळे आस्वादाची जबाबदारीही कोणावर आली नाही. पाटीवरील लिपीवरून जेथे मोर्चे निघतात, तेथे ट्रम्पेटची मातृभाषा कोणती हा प्रश्न अद्याप कोणत्याही समितीने हाती घेतलेला नाही, हे जॅझचे नशीबच. तो हाती घेतला जाण्यापूर्वी नवशिक्या श्रोत्याने आधी ‘अलबेला’ नीट ऐकावा. लुई आर्मस्ट्राँग नंतर ऐकला तरी चालेल.