मानपाडा रोडवर गाडी ठोकून पसार झालेल्या सज्जनास

प्रिय अज्ञात चालक महोदय,



आपले नाव ठाऊक नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावे लागते आहे. पत्त्यात नुसते 'मानपाडा' घालून भागत नाही. एक ठाण्यात घोडबंदर रोडला, दुसरे आमच्या डोंबिवलीत. आपण एमएच-०४ वाले की एमएच-०५ वाले, हेही कळायला मार्ग नाही. मानपाडा रोडवर भाजी घेण्यापुरती कडेला लावलेली आमची गाडी रिव्हर्स घेताना आपल्या नजरेस पडली नसावी; पण आवाज तरी कानावर गेला असेलच, कारण समोरचा पानवाला तो ऐकून बाहेर आला होता. "सफेद गाडी होती," एवढी साक्ष त्याने दिली. शेजारच्या दुकानाचा सीसीटीव्ही रस्त्याकडेच तोंड करून आहे, पण त्याच्यापुढे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फुटेजमध्ये दिसते ती त्या फ्लेक्सची मागची बाजू. भाऊंनी आपल्याला अक्षरशः पाठीशी घातले.

आपले आभार मानायचे ते एवढ्यासाठी की, चार वर्षे कपाटात पडून असलेली पॉलिसी आम्ही प्रथमच उघडून वाचली. वडील म्हणाले, "फर्स्ट पार्टी आहे ना? मग कंपनी भरेल की!" गॅरेजवाल्याने दाराचा पोचा हाताने चाचपला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "क्लेममध्ये करायचं की कॅशमध्ये?" दोन्हींचे आकडे वेगळे. असे का, हे विचारायचे नसते.

तर ऐका. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्या किमतीतून घसाऱ्यापोटी ५० टक्के वजा. दार पत्र्याचे, आणि गाडीला चार वर्षे उलटून पाचवे चालू, म्हणून तिथे ३५ टक्के वजा. रंगाच्या साहित्यातही निम्मी कात्री. काच तेवढी पूर्ण मिळते, आणि आपण नेमकी काचच फोडली नाहीत! वर प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १,००० रुपये आमचे. इंजिन १,५०० सीसीच्या वर असते तर २,०००. झिरो डेप घेतले असते तर घसारा वाचला असता, पण नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून आम्हीच ते काढायला लावले होते. खरी मेख पुढेच आहे. चार वर्षे क्लेम न टाकल्याने आमचा नो क्लेम बोनस ४५ टक्क्यांवर पोचला आहे, पुढच्या वर्षी ५० होईल. क्लेम टाकला की तो शून्य, आणि पुन्हा २०, २५, ३५ असे पायरी-पायरीने चढायचे. सौभाग्यवतींनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: कंपनीकडून मिळणार किती आणि पुढच्या हप्त्यांत जाणार किती. हिशेब संपल्यावर त्यांनी गॅरेजवाल्याला फोन करून एकच शब्द सांगितला, "कॅश."

म्हणजे चूक आपली, हप्ता आमचा आणि भुर्दंडही आमचाच. 'हिट अँड रन'साठी सरकारची भरपाई योजना आहे, तीही पाहिली. मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. बंपर त्यात बसत नाही. तो लाभ आपल्या हातून मिळावा अशी आमची इच्छाही नाही.

आता आपल्या फायद्याचे सांगतो. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा अशाच प्रसंगांसाठी असतो. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतची तरतूद असते. आमचे दार त्यात सहज मावले असते. शिवाय नो क्लेम बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीशी बांधलेला असतो. आमच्या दाराचे पैसे आपल्या कंपनीने दिले असते तरी आपला बोनस जागच्या जागी राहिला असता. पोलिसांत नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, हा खटाटोप आहे खरा, म्हणून तर शहाणी माणसे जागच्या जागी मिटवतात. वायपरखाली फोन नंबरची एक चिठ्ठी अडकवली असती, तर आपणही चहाच्या कपावर मिटवले असते. आपण पळालात ते ज्या भीतीने, ती आपल्या खिशाला नव्हतीच.

की विमाच नव्हता? तसे असेल तर पळण्याचे कारण समजते. पहिल्या वेळेस दंड २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. वर कुणाला खरेच इजा झाली, तर लाखांची भरपाई कंपनी देणार नाही, ती आपल्या घरादारातून जाईल. आज पत्र्यावर भागले. गल्लीतून शाळेची पोरे सायकली घेऊन जातात, हे आपण रिव्हर्स घेताना एकदा पाहून घ्यावे.

तेव्हा दोन विनंत्या. पॉलिसी संपली असेल तर आजच भरा; ती घरबसल्या मोबाइलवर निघते, पळावे लागत नाही. आणि पुढल्या वेळी ठोकलेत तर थांबा. लोक दोन शब्द बोलतील, पण हप्ता आपण त्याचसाठी भरलेला असतो.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
थर्ड पार्टी