नावे जोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

एक्सेलच्या शीटमध्ये नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे चार कॉलम दिसले की प्रत्येक कर्तव्यदक्ष कार्यालयाला ते एकत्र करण्याची ओढ लागते. ही ओढ नैसर्गिक असून तिला विरोध करू नये. चार कॉलमांची यादी उभ्या कागदावर मावत नाही, साहेबांना ती वाचवत नाही, आणि कोणत्या रकान्यात काय भरायचे राहिले हे तिच्यात पाहता क्षणी कळते. एकच कॉलम केला की यादी आटोपशीर होते आणि चुका दिसेनाशा होतात. मात्र हे काम शास्त्रोक्त रीतीने करायचे तर एक तत्त्व मनावर ठसवून घ्यावे: जोडणारा आणि तोडणारा ही माणसे वेगळी असतात. जोडायला जोडणाऱ्याची दोन मिनिटे जातात, तोडायला तोडणाऱ्याचे दोन आठवडे. पुढील सर्व मार्गदर्शन या तत्त्वाला धरून आहे.

नवशिक्यांनी सुरुवात ‘मर्ज अँड सेंटर’ या बटणापासून करावी. ते वरच्या पट्टीवर ठळक जागी आहे, आणि जे ठळक जागी असते ते अधिकृत असते. ओळीतले चारही सेल निवडून हे बटण दाबले की सेल खरोखरच एक होतात. फक्त मजकूर जोडला जात नाही. सर्वांत डावीकडच्या सेलमधला तेवढा राहतो आणि बाकीचा नाहीसा होतो. म्हणजे मूल उरते. आई, वडील आणि आडनाव जाते. उत्साहाच्या भरात सगळी यादी एकदम निवडली, तर हजार मुलांच्या शाळेत एकच मूल उरते. असे होणार असल्याची सूचना एक्सेल आधी देते, पण सूचनेखाली ‘ओके’चे बटण असते आणि बटण असले की ते दाबले जाते. शिवाय असे लहानमोठे विलीन सेल मध्ये आले की यादी अकारविल्हे लावायला एक्सेल चक्क नकार देते. यादीचा क्रम कोणी बदलू नये असे वाटणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे.

थोडा अनुभव आल्यावर ‘&’ या चिन्हाकडे वळावे. =ए२&बी२&सी२&डी२ असे लिहिले की चारही शब्द मध्ये तसूभरही जागा न सोडता एकमेकांना चिकटतात. जागा हवी असल्यास ती अवतरणचिन्हांत घालून दर वेळी वेगळी मागावी लागते. ‘कॉन्कॅटिनेट’ हे फंक्शनही नेमके हेच करते, पण नाव लांबलचक असल्यामुळे काम मोठे वाटते. खरी गंमत जन्मतारीख जोडताना येते. एक्सेल तारीख हा दिवसांचा आकडा म्हणून साठवते आणि १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानते. त्यामुळे १ मे २०२४ ही तारीख नावाला सरळ जोडली, तर नावापुढे ४५४१३ असे उमटते. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे, कारण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये तो होता आणि त्याच्याशी मेळ राखायचा होता. मागच्या कारकुनाची चूक पुढच्या रजिस्टरात जशीच्या तशी उतरवण्याची रीत केवळ आपल्याकडेच आहे, असा न्यूनगंड कोणी बाळगू नये. ‘टेक्स्ट’ हे फंक्शन वापरून तारीख तारखेसारखी जोडता येते. पण मग ४५४१३ म्हणजे काय हे विचारायला कोणी टेबलापाशी येत नाही.

यावर काही चिकित्सक म्हणतील की एक्सेल २०१९ पासून ‘टेक्स्टजॉइन’ आहे, ते वापरा. शब्दांमध्ये काय घालायचे ते एकदाच सांगायचे, रिकामे सेल वगळायला सांगायचे, आणि ए२ ते डी२ ही रांग त्याच्या हवाली करायची. हे म्हणणे दुर्दैवाने खरे आहे. ‘&’ वापरून जोडलेल्या राम कौसल्या दशरथ या नावात आडनावाचा सेल रिकामा राहतो आणि शेवटी एक अदृश्य मोकळी जागा लटकते. दुसऱ्या यादीतला राम मग या रामाशी जुळत नाही, आणि ‘व्हीलुकअप’ असा विद्यार्थीच नसल्याचा निर्वाळा देते. ‘टेक्स्टजॉइन’ने हा सारा गोंधळ टळतो. ज्या पद्धतीने गोंधळ टळतो, तिचा प्रसार जपून करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जोडलेले नाव ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने पुन्हा तोडता येते, मग बिघडते काय, असे विचारले जाते. याचे उत्तर महाराष्ट्र शासनाच्या निर्णयातच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. त्याआधी जन्मलेल्यांच्या नावात बहुधा तीनच शब्द असतात. म्हणजे मिश्र यादीत दुसरा शब्द कधी आई, कधी वडील, तर कधी पती. चार शब्द दिसले म्हणून आईचे नाव आहे असेही नाही, कारण माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे लावणाऱ्या स्त्रीचे नावही चार शब्दांचेच होते. ‘राव’ किंवा ‘बाई’ तोडून लिहिणाऱ्यांमुळे पाचवा शब्दही निघतो. कोणता शब्द कोणाचा, हे ज्ञान शब्दांत नव्हते, कॉलमांच्या शीर्षकांत होते. ती शीर्षके गेली की ते ज्ञान कोणत्याही फंक्शनला परत आणता येत नाही.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात की मूळ चार कॉलम तसेच ठेवावेत, जोडलेले नाव पाचव्या कॉलममध्ये फॉर्म्युल्याने आणावे आणि छापताना चार कॉलम लपवावेत. मूळ नावात दुरुस्ती झाली की जोडलेले नाव आपोआप सुधारते, आणि उद्या आडनाव आधी हवे असा फतवा निघाला तरी एकच फॉर्म्युला बदलावा लागतो. या पद्धतीत खोट काढता येत नाही. तिचा दोष एवढाच की तिच्यामुळे पुढच्या माणसाला काही कामच उरत नाही. म्हणून परंपरानिष्ठांनी आधी मूळ कॉलम पुसावेत. सगळ्या नावांच्या जागी ‘#रेफ!’ उमटले की ‘अनडू’ करावे. मग ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून पुन्हा पुसावेत.

१ मे २०२४ नंतर जन्मलेली मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील, आणि त्यांच्या आयांची नावे तेव्हा कोणीतरी याच याद्यांत शोधेल. तो कोणीतरी आपण नसू याची खात्री असणाऱ्यांनीच हे मार्गदर्शन अमलात आणावे. बदलीचा आदेश अजून हातात पडला नसेल, तर मूळ चार कॉलमांना हात लावू नये.