केजी-टूची पदवी आणि आठ बाय सहाचे आजोबा

आमच्या घराण्यात पदवी नेहमी टपालानेच आली. माझी बी.कॉम.सुद्धा तशीच. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला जायचं तर गाऊनचं भाडं आणि एका दिवसाची रजा लागणार होती. मी दोन्ही वाचवलं. पुढे पोरानेही इंजिनिअरिंगची पदवी टपालानेच मागवली. म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये आमची नात वयाच्या साडेपाचव्या वर्षी गाऊन घालून ग्रॅज्युएट होणार, हे कळल्यावर माझ्या डोक्यात जे काही शिरलं, त्याला थोडी सूट द्यावी.

सूनबाईने मोबाइलवरून सूचना वाचून दाखवली. केजी-टू ग्रॅज्युएशन सेरेमनी, शनिवार, १६ मार्च, संध्याकाळी पाच. काळा गाऊन, चौकोनी टोपी, टोपीला गोंडा. भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं.

"पण पहिली अजून व्हायचीच आहे ना?" मी विचारलं.

"बाबा, हे पहिलीच्या आधीचंच असते," मुलगा म्हणाला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत स्तर पाच वर्षांचा धरला आहे : तीन वर्षं बालवाडीची आणि पहिली-दुसरीची दोन. म्हणजे पाया अर्धा भरला की लगेच वास्तुशांत, असा हा प्रकार. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली; त्या अंगणात गाऊन सांभाळायचं काम कुणाला पडलं नसावं. आणि आमच्या समारंभानंतर, २०२४ च्याच ऑगस्टमध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या संस्थांना कळवलं, की काळा गाऊन आणि टोपी ही वसाहतीच्या काळातली पद्धत सोडा, आपल्या भागाचा पोशाख ठरवा. ते पत्र वैद्यकीय संस्थांना होतं. केजी-टूला लागू नाही.

तर मी खूश होतो. मग सूचनेची शेवटची ओळ आली. प्रत्येक विद्यार्थ्यामागे पास दोन. आई आणि बाबा.

"आबा, तुम्ही घरीच टाळ्या वाजवा," नात म्हणाली. तिने सहानुभूतीनेच म्हटलं. पण ज्याने तीन वर्षं तिचा डबा, बाटली आणि एका पायातला बूट सांभाळत रिक्षापर्यंत धाव घेतली, त्याने घरी बसून टाळ्या वाजवायच्या? मी ठरवलं, सत्कार आपण करायचा. आपल्या हद्दीत करायचा. आणि नागपूरच्या बर्डीवर राहणाऱ्या माणसाला सत्कार करायचा म्हटलं की पहिलं जे सुचतं, तेच मला सुचलं. फ्लेक्स.

मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत फ्लेक्सवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक कूलर आणि एक पोरगा. मी त्याला नातीचा फोटो आणि मजकुराचा कागद दिला. मजकूर मी रात्री जागून लिहिला होता : 'केजी-टू ही पदवी प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' 'प्रथम प्रयत्नात' हे शब्द मला फार आवडले होते. आमच्या घरात ते याआधी कुणाबद्दल लिहिताच आले नव्हते.

"साइज?"

"आठ बाय सहा."

"शुभेच्छुक किती?"

"मी एकटाच."

पोराने माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, एकटा शुभेच्छुक बरा नाही दिसत जी. खाली सगळं रिकामं पडते. तुमचाच फोटो मोठा टाकून देऊ?"

मी नको म्हणालो. एकदा म्हणालो, हे मला स्पष्ट आठवतं.

"हात जोडलेला आहे काय फोटो?"

होता. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात काढलेला. मी मोबाइल पुढे केला. त्याने तो फोटो कापला आणि कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या जुन्या फाइलमध्ये भाऊंच्या जागी बसवला. भाऊ गेले, पण त्यांच्या मागची कमळं राहिली. मी विचारलं, तर म्हणाला, "फुलं आहेत काका, शुभ असतात." मग शिक्षणाचा विषय आहे म्हणून कोपऱ्यात ज्ञानाची मशाल लावली. नात वरच्या बाजूला एका गोलात गेली. मी खाली डावीकडून उजवीकडे पसरलो.

"भावी वगैरे काही टाकू? भावी डॉक्टर, भावी कलेक्टर?"

इथे मला श्रीकांत जिचकार आठवले. नागपुरात पोरगं अभ्यासात ढिलं पडलं की बापाला जिचकार आठवतात. मला मात्र नात पास झाल्यावर आठवले. काटोलकडचा हा माणूस १९७३ ते १९९० या काळात विद्यापीठाच्या बेचाळीस परीक्षांना बसला आणि वीस पदव्या घेऊन उठला, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मी हिशेब केला. साडेपाचव्या वर्षी एक झाली, उरल्या एकोणीस. वेळ भरपूर होता. मी म्हणालो, "लिही, 'वाटचाल जिचकारांच्या मार्गावर'."

पोराने लिहिलं. ओळ लांब झाली म्हणून नातीचा गोल अजून थोडा लहान केला.

शुक्रवारी रात्री इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला, रस्त्याच्या बाजूने, फ्लेक्स बांधला. सौ. खालून बघत होत्या. "पोरगी कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्या चष्मा आणायला म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत.

शनिवारी सकाळपासून लोक भेटू लागले. पानठेल्यावरच्याने हात हातात घेतला. "काका, उभे राहून राहिले काय? बरं केलं जी. कोणीतरी पाहिजेच होतं." महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, तेव्हापासून प्रशासकच बसला होता; वॉर्डातल्या तुंबलेल्या नाल्या कुणाला दाखवाव्या हे लोकांना कळत नव्हतं. आता हात जोडलेला चेहरा दिसल्यावर त्यांना वाट सापडली. दुपारपर्यंत माझ्याकडे दोन नाल्या, एक पथदिवा आणि एका सांडाची तक्रार आली. मी सगळी लिहून घेतली. नकार द्यायला हवा होता असं सौ. म्हणतात, पण इतक्या आदराने माझ्याशी ऑफिसातही कुणी बोललं नव्हतं.

तीन वाजता मी ढोलवाल्यांना आगाऊ पैसे देत होतो. नेमक्या त्याच वेळी दिल्लीत निवडणूक आयोगाने लोकसभेचा कार्यक्रम जाहीर केला. नागपूर पहिल्या टप्प्यात, मतदान १९ एप्रिल, आचारसंहिता तत्काळ लागू. घरी टीव्ही चालू होता, पण मी गोंड्याचा हार आणायला गेलो होतो.

साडेसातला नात आली. गाऊनच्या बाह्या जमिनीवर लोळत होत्या, टोपीचा गोंडा तोंडात होता. गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवलं आणि मी इशारा केला. ढोल सुरू झाला. ढोलवाल्याने सोबत तुतारीवाला आणला होता, सांगितला नव्हता, पण म्हणाला, "पदवीची वरात आहे ना काका, तुतारी पाहिजे." तुतारीचा पहिला सूर निघाला आणि आमची पदवीधर "आई" म्हणून ओरडली ती सूनबाईच्या खांद्यावर चढली. तिथून ती उतरली नाही. वरातीत नाचायला मी एकटाच उरलो. गल्लीतल्या लोकांनी मला मधोमध घेतलं, गोंड्याचा हार, कुणाच्या तरी सूचनेवरून, माझ्याच गळ्यात पडला आणि 'काका तुम आगे बढो' सुरू झालं.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. तिथली पोरगी दहावीला होती. केस वर बांधलेले, हातात पुस्तक. ती चिडलेली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

"काका, सोमवारी पेपर आहे हो. केजी-टूचं एवढं, तर मी पास झाले तर काय करसान?"

ढोल थांबला. तुतारीवाल्याला सांगायला कुणी गेलं नाही, तो वाजवत राहिला.

याच बर्डीच्या टेकड्यांवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची मोठी फौज इंग्रजांच्या मूठभर फौजेपुढे हरली. माझ्यासमोर तर एकच मुलगी होती, आणि तिच्याकडे विज्ञानाचं पुस्तक. मी सर्वांना पेढे वाटले आणि वर आलो. नात जेवून झोपली होती, गाऊनसकट. डिपॉझिटच्या काळजीने सूनबाई तिच्या अंगावरून तो हळूहळू सोडवत होती.

रविवारी सकाळी पथक आलं. एक साहेब, दोन माणसं, एक शिडी, एक मोबाइलवर शूटिंग करणारा.

"काका, कोणत्या पक्षाचे?"

"पक्ष नाही. नातीचं ग्रॅज्युएशन आहे."

"उमेदवार नात आहे?"

"ती साडेपाच वर्षांची आहे."

"म्हणजे उमेदवार तुम्हीच."

साहेबांनी फ्लेक्स शांतपणे वाचला. मग बोट दाखवत गेले. "हात जोडलेले, म्हणजे पंजा दिसतो, दोन दिसतात. मागे कमळं. कोपऱ्यात मशाल. मनगटावर घड्याळ. काल तुतारी वाजली म्हणतात, खरं आहे का?" मी मान हलवली. "काका, ही युतीही नाही आणि आघाडीही नाही. धनुष्यबाण तेवढा राहिला." शूटिंग करणारा हसू लागला तेव्हा साहेबांनी त्याला गप्प केलं आणि मला समजावून सांगितलं. सरकारी मालमत्तेवरचं चोवीस तासांत, सार्वजनिक जागेवरचं अठ्ठेचाळीस तासांत आणि खाजगीवरचं, परवानगी नसेल तर, बहात्तर तासांत उतरवायचं असतं. शिवाय आचारसंहिता नसतानाही विनापरवाना फ्लेक्स लावणं चूकच. माझ्या निवृत्तीचा आणि वयाचा मान ठेवून त्यांनी शिडी मला दिली आणि स्वतःच उतरवायला सांगितलं.

मी चढलो. खाली पानठेलेवाला उभा होता. "काका, फॉर्म मागे घेतला काय?" त्याने विचारलं. त्याच्या नालीची तक्रार अजून माझ्या वहीत आहे.

२७ मेला दहावीचा निकाल लागला. कोकण विभाग ९९.०१ टक्क्यांनी पहिला, आपला नागपूर ९४.७३ वर, नऊ विभागांत शेवटचा. वरच्या मजल्यावरच्या मुलीचं काय झालं, मला त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने तिची आई वाटीत पेढे घेऊन आली आणि दारातच, हळू आवाजात, सौ.ना म्हणाली, "नव्वदच्या वर आहेत वहिनी. पण काकांना आत्ताच नका सांगू, म्हणते ती. अ‍ॅडमिशन होऊ द्या आधी."

मी आत पेपर वाचत होतो. सगळं ऐकू आलं. पेढा मात्र चांगला होता.

फ्लेक्स अजून माळ्यावर आहे. मागची बाजू कोरी पांढरी आहे, कडांना रिंगा शाबूत आहेत, दोरीही देईन. यंदा कुरडया-पापड वाळत घालायला कुणाला हवा असेल तर बर्डीवर येऊन घेऊन जा. फक्त अंथरताना माझा चेहरा खालच्या बाजूला ठेवा, सौ.ची तेवढी एकच अट आहे.