सुशोभीकरण समितीस, सविनय



कुंपणाला कण्हेर लावल्याबद्दल समितीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. फारसं पाणी नको, खत नको, गाड्यांच्या धुराला ती भीत नाही आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. म्हणून तर महामार्गांच्या दुभाजकांवर तिची एवढी वस्ती. गुरं तोंड का लावत नाहीत, हा फालतू प्रश्न सभेत कुणी विचारला नाही, तेही बरंच झालं. चहा गरम मिळाला. अमरकोशानं तिला 'हयमारक', म्हणजे घोडे मारणारी, म्हणून ठेवलंय. पण संस्कृत दाखले काढून मी कामकाजाचा खोळंबा करत नाही.

उभ्या झाडाचं घोड्याला तसं भय कमी. ओलं पान कडूजहर, पोट भरलेलं असेल तर घोडा हुंगून सोडून देतो. समितीची कार्यक्षमता दिसते ती छाटणीनंतर. फांद्या थेट भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे वरातीच्या घोड्या बांधलेल्या असतात. पानं उन्हात वाळली की कडूपणा उतरतो, विष तसंच राहतं. कडब्यात मिसळलेली ती लांबट, मधोमध ठसठशीत शीर असलेली पानं घोडीनं निवडून कशी बाजूला काढायची? मूठभरही पुरतात. घोड्याला ओकता येत नाही, गेलं ते गेलं. मग पोटात कळा, जुलाब, घाम; आणि ओलिअँड्रिन हृदयाचा ताल बिघडवतं. ठोका कधी संथ, कधी भरधाव, मधूनच चुकलेला. उभी घोडी काही तासांत कोसळू शकते. घोडेवाला म्हणतो, नजर लागली. खरंच आहे, मोकळ्या प्लॉटवर समितीची नजर होतीच.

पुढच्या टप्प्यात फाटकाशी बिट्टी आणि मागच्या बाजूला घाणेरीचा ताटवा येणार असं ऐकतो. बिट्टीसुद्धा हृदयावरच जाते, घाणेरी यकृतावर. सगळा भार एकाच अवयवावर नको, हे धोरण दूरदृष्टीचं.

विनंती एवढीच, की छाटणीच्याच दिवशी फांद्या पोत्यांत भरून पालिकेच्या गाडीत द्याव्यात. खर्च येईल, मान्य. कारंज्याच्या रंगीत दिव्यांतून काही उरलं असेल तर पाहावं. आणि शेकोटी करून टाकू, असं कुणी सुचवलंच, तर तिचा धूरही बाधतो. सभासदांनाही. थकबाकी नसलेल्यांनासुद्धा.

आपला,
भिंतीपलीकडचा एक रहिवासी