पिशव्यभाव
न्यायवैशेषिकांनी अभाव चार प्रकारचा मानला आहे. घडा घडण्यापूर्वीचे त्याचे नसणे हा प्रागभाव, फुटल्यानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव, घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव, आणि वाऱ्याला रूप नसते तसे त्रिकाळी नसणे हा अत्यंताभाव. मांडणी चोख आहे. उणीव एवढीच, की ती करणाऱ्यांपैकी कोणी भाचीच्या लग्नाआधी आठवडाभर बहिणीच्या घरी मुक्काम केलेला दिसत नाही. केला असता तर पाचवा अभाव त्यांच्याच पायात अडखळला असता : वस्तू आहे, पैसे मोजून आणलेली आहे, याच दोन खोल्यांत आहे, तिची पावतीही आहे, पण मिळत नाही, कारण ती पिशवीत आहे. याला आम्ही ‘पिशव्यभाव’ म्हणतो. (पिशवी अधिक अभाव. प्रति अधिक एक मिळून ‘प्रत्येक’ होतो, त्याच नियमाने. देशी शब्दाला संस्कृत संधी लावल्याबद्दल वैयाकरणांनी रागवावे. लग्नघरात कोणीतरी रागवायला लागतेच.)

पूर्वपक्ष असा की हा निव्वळ विसराळूपणा आहे. तो टिकत नाही. माझ्या ताईला पत्रिका कोणाकोणाला गेल्या, विहीणबाईंच्या कोणत्या जावेला शालू चालत नाही आणि २००३ साली आमच्या लग्नात कोणी किती रुपयांचे पाकीट दिले हे सगळे तोंडपाठ आहे. तिला आठवत नाही ती फक्त पिशवी.

थोडा इतिहास पाहू. झबला पिशवीच्या काळात हा अभाव सौम्य होता. पातळ प्लास्टिकमधून हळकुंडे आणि खारका यांच्या आकृत्या तरी दिसत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानदारांनी कापडासारख्या दिसणाऱ्या जाड पिशव्या काढल्या. (त्याही मुळात प्लास्टिकच्याच तंतूंच्या असतात, पण तो वेगळा विषय.) त्यांतून आरपार काही दिसत नाही, आणि लक्ष्मी रस्त्यावर एकाच साडीच्या दुकानात पाच फेऱ्या झाल्या की घरात पाच जुळ्या पिशव्या येतात, सगळ्या लालभडक, सगळ्यांवर गणपती. पैठणी, आहेराचे टॉवेल, तुळशीबागेतल्या बांगड्या आणि मेहुण्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांना बाहेरून एकच रूप मिळते. वेदान्त्यांना जे साधायला जन्म लागले, ते त्या दुकानाने खरेदीवर फुकट दिले.

आता शब्दप्रमाण. लग्नघरात नामांचा लोप होऊन केवळ सर्वनामे उरतात. पुढील संवाद मी दिवाणखान्यात सतरंजीवर बसून जसाच्या तसा टिपला आहे :

“वहिनी, ते हे कुठंय हो?”

“अगं, त्या ह्याच्यात नाही का ठेवलं मघाशी?”

“तिथलं ते त्यांनी तिकडं नेलं ना!”

“मग त्याच्याखाली बघ.”

आणि धाकट्या जाऊबाईंनी त्याच्याखाली हात घालून ते काढले! ते म्हणजे कापूर होता. ‘ते हे’ म्हणजे काय आणि ‘त्या ह्याच्यात’ म्हणजे कशात, हे ज्यांना कळते त्यांना पिशव्यभाव बाधत नाही. बाधतो तो मेहुणे, मी आणि कार्यालयाचा मॅनेजर यांना. सेफ्टी पिन मात्र या अभावाच्या कक्षेबाहेर आहे. १८४९ मध्ये वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थाने तिचे पेटंट घेतले आणि ४०० डॉलरना विकून टाकले. पण तिला बांगडीत अडकवून ठेवायचे, हा पुढचा शोध आपल्या बायकांचा. जी वस्तू पिशवीत जातच नाही ती हरवणार कशी?

उदाहरणादाखल गुरुजींची यादी घेऊ. वहीचा फाडलेला आडवा कागद, वर श्री, खाली सुपाऱ्या ५०, हळकुंडे, बदाम, खारका, खण, नारळ, लाह्या, पंचे, आणि शेवटी ‘सुटे पैसे (भरपूर)’. साऱ्या यादीत विशेषण एवढे एकच. यांतली सुपारी तत्त्वतः फार अवघड वस्तू आहे. तांदळाच्या राशीवर ठेवली की ती गणपती, पाकिटात असली की किराणा. आमच्या पन्नासांपैकी अकरा बुधवारी पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून फ्रिजखाली गेल्या. त्या काठीने ओढून काढताना नमस्कार करावा की शिवी द्यावी, याचा निर्णय मला करता आला नाही. ताईच्या सासूबाईंनी पलंगावरूनच दोन्ही केले.

कारणमीमांसेत मात्र माझे स्वतःचे संशोधन आहे. प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची एक पिशवी लटकत असते. लग्नाच्या आठवड्यात ती पहिल्याच दिवशी रिती होते. त्यानंतर जो कोणी येतो तो एकच वाक्य बोलतो : “एक रिकामी पिशवी दे गं.” रिकामी पिशवी नसतेच. म्हणून एक भरलेली पिशवी दुसरीत उलटी करतात आणि तिला रिकामी म्हणतात. उलटलेल्या मालाचा पत्ता बदलतो, आणि ज्या माणसाने उलटवला तो तेवढ्यात फुलवाल्याकडे गेलेला असतो. एका दिवसात हे किती वेळा घडते ते मी मोजायला बसलो होतो. पण बाराव्या खेपेला माझ्याच हातातली पिशवी काढून घेतली गेली.

यावर उपाय म्हणून गुरुवारी सकाळी मी घरातल्या एकूण एकोणचाळीस पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ठळक अक्षरांत : सीमांतपूजन, रुखवत, ओट्या, कानपिळी, मुंडावळ्या. घरातल्या मुलांनी माझी थट्टा केली, ती मी संशोधकाला शोभेल अशी सोसली. संध्याकाळपर्यंत ‘सीमांतपूजन’मध्ये फरसाण आणि तीन चार्जर होते. ‘रुखवत’मध्ये मेहुण्यांचे धुवायचे कपडे. ‘कानपिळी’त कोथिंबीर. शुक्रवारपर्यंत चिठ्ठीवर कोणाचाच विश्वास उरला नाही. उलट चिठ्ठी म्हणते ते त्या पिशवीत नक्की नाही, हा नियम सर्वमान्य झाला.

शुक्रवारी रात्री अकराला मुंडावळ्या दिसेनात. सकाळी हळदीला बांधायच्या होत्या. शोध दीड घटिका चालला, म्हणजे छत्तीस मिनिटे. पैठणीच्या घड्या उलगडल्या, अक्षतांच्या डब्यात हात घातले गेले, मोलकरणीला फोन झाला, आणि मेहुण्यांनी कधी नव्हे ते स्वतःच्या कपाटात डोकावून पाहिले. नवरी मेंदीचे दोन्ही हात वर धरून कोपऱ्यात उभी होती. तीच शेवटी म्हणाली, “मामा, त्या मुंडावळ्या लिहिलेल्या पिशवीत बघितलं का कोणी?”

कोणीच बघितले नव्हते.

मोत्यांचे दोन जोड, पांढऱ्या टिश्यूत गुंडाळलेले, जसेच्या तसे. ताईने ते उजेडात धरून एकदा पाहिले, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आता हे इकडंतिकडं व्हायला नको बाई. जरा एक रिकामी पिशवी दे रे.”