पैसा वसूल

स्वस्तात फिरणारा मित्र प्रवासाची तारीख हवामान बघून ठरवत नाही. तो १८ एप्रिल धरतो. जागतिक वारसा दिनाला पुरातत्त्व खातं अलीकडे प्रवेश फुकट ठेवतं. त्या दिवशी बदामीचा तांबडा दगड तव्यासारखा तापलेला असतो, पण तव्याला तिकीट नसतं ना!

सोलापूरहून जनरलच्या डब्यात उभ्यानं जायचं. ‘झोपायचंच होतं तर घर काय वाईट होतं?’ बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब. रिक्षावाला भाडं सांगतो, तर हा त्याला चालुक्यांच्या राजधानीत पायी शिरण्याचं माहात्म्य ऐकवतो. रिक्षावाल्याला मराठी कळत नाही, मला कळतं. म्हणून पायपीट माझ्या वाट्याला. लॉजवर गेल्यावर पहिला प्रश्न, “खोली राहू दे, गच्चीचे किती?”

फुकटचा दिवस एकच, म्हणून बदामीची लेणी, पट्टदकल आणि ऐहोळे सूर्यास्ताच्या आत उरकायचं. कर्नाटकात २०२३पासून तिथल्या बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ आहे. भरल्या बसमध्ये त्यांच्याकडे बघताना याला आपण पुरुष असल्याचं दुःख होतं, आणि त्याहून जास्त सोलापूरचे असल्याचं.

एक मान्य करायला हवं. हा गाईड करत नाही, म्हणून पाटीवरचं अक्षरन् अक्षर वाचतो. ऐहोळ्याच्या मेगुटी टेकडीवर भर दुपारी त्यानं मला रविकीर्तीचा इ. स. ६३४चा शिलालेख समजावला : दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाचा पराभव केला आणि तीन महाराष्ट्रकांतल्या ९९ हजार गावांवर त्याची सत्ता होती. मी भारावलो होतो. हा म्हणाला, “नव्व्याण्णव हजार गावं! धर्मशाळा किती असतील रे!”

घासाघीस करत नाही ती फक्त बनशंकरीला. देवळापाशी टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्वारीची भाकरी, चटणी, दही वाढतात. भाकरी हातात आली की याचा हिशेब थांबतो. मावशी सांगतील ते पैसे देतो, वर सुटे राहू देतो. हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या बायकोला मात्र पटत नाही.

परतताना विजापूर. तारीख १९. गोलघुमटाला तिकीट पडलं, त्यामुळे एकही पायरी सोडणं शक्य नव्हतं. सात मजले चढून आम्ही घुमटाच्या आतल्या सज्जात पोचलो. भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं, आणि मोठ्यानं बोललं तर घुमट तेच पुन्हा पुन्हा ऐकवतो. मला एका टोकाला उभं करून हा पलीकडे गेला. सज्जात तेव्हा बरीच मंडळी कान देऊन उभी होती. खाली मुहम्मद आदिलशहा १६५६पासून चिरनिद्रेत.

कुजबुजण्यावर याचा विश्वास नसावा. पलीकडून खणखणीत आवाज आला, “कालच्या दोन चहांचे वीस रुपये तुझ्याकडे राहिलेत!”

राहिलेत... राहिलेत... राहिलेत...